मागचा ॲक्सल आधी जागेवर बांधा

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि गॅरेज

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. माझ्या मामांनी 1970 च्या दशकात फियाट 1100 चं इंजिन आणि ॲक्सल घेऊन, पाइपची चेसिस स्वतः बांधून, उघडी दोन सीटची रेसची गाडी केली होती. ती मद्रासजवळच्या शोलावरमला दोन मोसम धावली. मग वाडीच्या एका गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिली. मागच्या वर्षी मी ती बाहेर काढली. इंजिन आणि ब्रेकचं काम झालं, पण मागे अजून फियाटच्याच कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, आहेत. कळमन्यात मित्राची अडत आहे. त्याचे चार प्लॅटफॉर्म काटे एका रविवारी आणले आणि मी स्वतः सीटवर बसून गाडी तोलली. पुढे 290 किलो, मागे 320, एकूण 610. मागची चाकं, ड्रम आणि ॲक्सल मिळून 80 किलो भरले. मागच्या टोकाला दोन मित्र बसवले, दोघांचे मिळून 140 किलो, तर गाडी 22 मिमी दबली.

अडचण अशी की खडबडीत जागेवर गाडी मागून उडते. वळणातून निघताना ॲक्सिलरेटर दिला की आतलं चाक नुसतं फिरतं. जोरात ब्रेक मारला की मागून धडधड येते. एका मिस्त्रींनी दोन्हीकडे एकेक पाटा वाढवून दिला, त्याने उडणं जास्तच झालं. आता कोणी म्हणतं नव्या गाडीचं स्वतंत्र सस्पेन्शन घाला, कोणी म्हणतं मोटारसायकलचे शॉकअप लावा. पुढच्या हिवाळ्यात गाडी कोइम्बतूरच्या ट्रॅकवर न्यायची आहे. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : भाऊ, तुम्ही गाडी तोलून पत्र लिहिलंत, त्यामुळे मला अंदाजाने बोलावं लागत नाही. या सदराकडे येणाऱ्या दहा पत्रांत नऊ जण ‘कुठला शॉकअप घेऊ’ एवढंच विचारतात. वजन कोणी कळवत नाही.

तुमच्याच आकड्यांपासून सुरुवात करते. मागे 320 किलो, त्यातले 80 किलो कमानीच्या खाली, म्हणजे चाकांबरोबर वरखाली होणारे. कमानीवर खरा भार उरला 240, एका बाजूला 120. आता 140 किलोला 22 मिमी दबली, म्हणजे दोन्ही कमानी मिळून एका मिमीला साधारण 6.4 किलो, एक कमान 3.2 किलो. 120 ला 3.2 ने भागा. गाडी स्वतःच्या वजनाने कमानीवर साडेसदतीस मिमी बसलेली आहे. आता 15.8 ला (बसणं मिमीत मोजलं की हा आकडा ठरलेला) साडेसदतीसच्या वर्गमुळाने भागा, उत्तर येतं जवळजवळ 2.6. तुमची गाडी मागून सेकंदाला इतके झोके घेऊ पाहते. घरच्या गाडीत हा आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. तुमच्यासारख्या जुन्या, पंख नसलेल्या रेस गाडीला मी दोनच्या आसपास ठेवीन. 2.6 ला चाक जमिनीवर कमी आणि हवेत जास्त असतं.

त्यात पाट्यांचं आपसातलं घर्षण आणखी वेगळं. ते मोजायचं तर दोन मित्र चढवताना किती दबली आणि उतरवताना किती उठली, दोन्ही लिहून ठेवा. दोन आकड्यांत जो फरक पडेल ते पाट्यांचं चिकटणं. बारीक खडबडीवर कमान हलतच नाही, सगळं हादरून चेसिसला जातं, ते याच्यामुळे.

माझ्या बाबांचं कामठी रोडला, ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, ट्रकच्या कमानींचं दुकान होतं. ते पाटा दोरीला टांगून हातोडीने वाजवायचे आणि आवाजावरून तडा ओळखायचे. मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला गेले, पण कमान मला त्या दुकानात कळली. तिथेच ऐकलेलं एक वाक्य तुमच्या मिस्त्रींनी ऐकायला हवं होतं: पाटा वाढवायचा तो भार वाढला तर. मूळ फियाट पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन जायची. तुमच्या मामांनी गाडी हलकी केली आणि कमान तीच ठेवली. त्यावर आणखी एक पाटा म्हणजे उलट्या दिशेला पाऊल.

आतलं चाक फिरण्याचं कारणही तेच. वळणात वजन बाहेरच्या चाकांवर जातं. ते पुढून किती जाईल आणि मागून किती, हे जास्त करून कुठला भाग जास्त ताठर आहे त्यावर ठरतं. मागे पाटा वाढवला की मागून जास्त वजन सरकतं, आतलं मागचं चाक हलकं होतं, आणि साधं डिफरन्शियल, म्हणजे दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी, सगळी ताकद त्या हलक्या चाकाकडे सोडून देतं. शिवाय सरळ ॲक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या दांड्याचा, पीळ मागचं उजवं चाक उचलू पाहतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेवढी थोडी भरपाई आपोआप होते, तरी डाव्या वळणापेक्षा उजव्या वळणात तुम्हाला हे जास्त जाणवत असेल. गाडी वळणात फार कलत असेल तर पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे कलणं रोखणारा आडवा दांडा, थोडा जाड करा. मागे कमानीने कलणं रोखू नका.

ब्रेकची धडधड हा वेगळा प्रश्न आहे आणि मला त्याची जास्त काळजी वाटते. कमान एकटी तीन कामं करते: भार पेलते, ॲक्सलला आडवा सरकू देत नाही, आणि ब्रेक किंवा ताकदीच्या पिळाला विरोध करते. ब्रेक लागला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, पाट्याला इंग्रजी एस अक्षरासारखा पीळ पडतो, तो सुटतो, पुन्हा पडतो. ती तुमची धडधड. पाटे कमी केले की गाडी मऊ होईल पण हा पीळ वाढेल. म्हणून सांगते, नवी स्प्रिंग, नवा शॉकअप, सगळं नंतर. ॲक्सल आधी जागेवर बांधा.

स्वतंत्र सस्पेन्शनचं म्हणाल तर या गाडीला ते नको. चेसिसचा मागचा अर्धा भाग कापावा लागेल, डिफरन्शियल वर टांगावं लागेल, चार जोड वाढतील, आणि जुन्या पद्धतीच्या अरुंद टायरला जे हवं असतं, चाक रस्त्याला उभं राहणं, ते सरळ ॲक्सल काहीही न करता देतो. शिवाय ऐतिहासिक गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींना एफआयएचं, म्हणजे जागतिक मोटार महासंघाचं, अपेंडिक्स के हे नियमपुस्तक लागू होतं, आणि त्याचा गाभा असा की गाडी तिच्या काळात जशी होती तशी असावी. मामांची गाडी उद्या अशा वर्गात उतरवायची तर मागे आधुनिक सांगाडा घातलेली गाडी तांत्रिक तपासणीत अडकेल. पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवा धरणारा दांडा), ट्रेलिंग लिंक (ॲक्सलला पुढे चेसिसशी जोडणारे दांडे), कॉइल स्प्रिंग हे त्या काळातलंच तंत्र आहे. तरी मामांचे जुने फोटो असतील तर गोळा करून ठेवा, आणि कापाकापीआधी आयोजकांकडून नियम लेखी मागवा.

पहिला टप्पा कमानी ठेवूनच करा. वाढवलेला पाटा काढा. उरलेले सगळे पाटे सोडवून, घासून, टोकांखाली नायलॉनच्या पट्ट्या घाला. शॅकलचे (कमानीच्या मागच्या टोकाच्या हलत्या कडीचे) आणि पुढच्या डोळ्याचे (पाट्याच्या पुढच्या गोल टोकाचे) बुश नवे. यू-बोल्ट जुने पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. मग पुन्हा दोन मित्र बसवून मोजा.

त्यानंतर पॅनहार्ड रॉड. एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला, गाडीच्या रुंदीत आडवा. चालक बसलेला असताना तो अगदी समतल हवा आणि शक्य तितका लांब हवा. रॉड 900 मिमी असेल आणि ॲक्सल 50 मिमी वर गेला तर ॲक्सल बाजूला सुमारे 1.4 मिमी सरकतो. रॉड 450 चा केलात तर 2.8. आणि 900 चाच रॉड पण सुरुवातीलाच 50 मिमी तिरका बसवलात, तर पुढच्या 50 मिमीत सरकणं सव्वाचार मिमीच्या जवळ जातं. डाव्या आणि उजव्या वळणात गाडी वेगळी वागते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या गाडीखाली बऱ्याचदा असा तिरका रॉड सापडतो. ॲक्सलकडच्या ब्रॅकेटला आणि चेसिसकडच्या ब्रॅकेटला वीस-वीस मिमीवर तीन-तीन भोकं ठेवा, म्हणजे रॉड खाली-वर करता येईल आणि समतलही राहील. सुरुवात खालच्या भोकापासून करा. रॉड खाली असला की मागून सरकणारं वजन कमी होतं.

काही जण वॅट लिंकेज सुचवतील. जेम्स वॅटने 1784 मध्ये वाफेच्या इंजिनासाठी काढलेली ही जोडणी ॲक्सलला जवळजवळ सरळ रेषेत वरखाली नेते, बाजूला सरकूच देत नाही. मला ती फार आवडते. पण मधला फिरता तुकडा डिफरन्शियलवर किंवा चेसिसवर पक्का बसवायला जागा लागते, आणि तुमच्या गाडीत 900 चा पॅनहार्ड बसत असेल तर त्या दीड मिमीसाठी एवढा खटाटोप करू नका.

पीळ थांबवायला ॲक्सलच्या वरून चेसिसपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक टॉर्क रॉड. इथे बरेच जण चुकतात. कमानीचा पुढचा अर्धा भाग वरखाली होताना एक गोलाई घेतो, आणि त्या गोलाईची त्रिज्या अर्ध्या कमानीच्या सुमारे तीन चतुर्थांश असते. रॉडची लांबी तेवढी आणि कमानीला समांतर ठेवलीत तर दोघं एकत्र हलतात. आखूड ठेवलात तर दोघं एकमेकांशी भांडतात आणि गाडी पुन्हा ताठर होते.

आता वेल्डिंग. हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून लिहिते आहे आणि कृपा करून ते वाचून सोडून देऊ नका. 1986 मध्ये माझा भाऊ अशाच फियाटच्या गाडीतून शोलावरमला उतरायचा होता. शोलावरम म्हणजे मद्रासच्या उत्तरेला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, तिच्यावरच शर्यती व्हायच्या. इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 1990 ला झाला. निघायच्या चार दिवस आधी ॲक्सलच्या हौसिंगला, म्हणजे बाहेरच्या नळीला, ब्रॅकेट लावून घेतले. ज्या वर्कशॉपमध्ये लावले तिथे एका बाजूने सलग वेल्डिंग मारलं. दिसायला काम सुंदर होतं. ट्रकवर चढवून गाडी मद्रासला नेली आणि सरावातच मागच्या डाव्या ड्रममध्ये तेल आलं. हौसिंग वेल्डिंगच्या बाजूला वाकलं होतं, केळ्यासारखं, दीड मिमीभर. सील तिरकं घासून फाटलं होतं आणि बेअरिंग गरम होऊन निळं पडलं होतं. त्या दिवशी ब्रेक एका बाजूला ओढला गेला आणि भाऊ गवतात जाऊन थांबला. त्याला काही झालं नाही. बाबा मात्र परतीच्या वाटेवर नागपूर येईपर्यंत बोलले नाहीत.

म्हणून ब्रॅकेट लावताना हाफ ॲक्सल, बेअरिंग, सील सगळं बाहेर काढा. खरादीकडून बेअरिंगच्या घरांत घट्ट बसेल असा जाड सरळ दांडा करून घ्या आणि तो आत घालूनच वेल्डिंग करा. एकदा समोर, एकदा मागे, एका वेळी पंचवीस-तीस मिमीचा टाका, मध्ये हात लावण्याइतकं थंड होऊ द्या. पाण्याने थंड करू नका. शेवटी दांडा सहज निघायला हवा. अडकला तर हौसिंग वाकलं. नंतर मागच्या चाकांचा टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते, मोजा. सरळ ॲक्सलला टो नसतो असं धरून चालतात, पण वाकलेल्या ॲक्सलला असतो.

एवढं करून गाडी बंद आवारात चालवून बघा. आउटर रिंग रोडवर पहाटे नेऊ नका, तो ट्रॅक नाही आणि समोरून येणाऱ्या दुधाच्या गाडीला तुमच्या प्रयोगाची कल्पना नसते. माझा अंदाज आहे की धडधड जाईल आणि उडणं बरंच कमी होईल. कदाचित तुम्ही इथेच थांबाल. मी तरी एक मोसम थांबेन.

तरीही कॉइल स्प्रिंगवर जायचं ठरलं तर दुसरा टप्पा. कमानी पूर्ण काढून ॲक्सलला चार ट्रेलिंग लिंक, दोन वर, दोन खाली, सारख्या लांबीच्या आणि बाजूने पाहता समांतर, म्हणजे पिनियनचा (शाफ्ट जिथे डिफरन्शियलला मिळतो त्या दातेरी चाकाचा) कोन बदलत नाही आणि शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, सुखात राहतो. आडवं धरायला तोच पॅनहार्ड रॉड. वरच्या किंवा खालच्या दोन लिंकऐवजी एकच ए-फ्रेम, म्हणजे इंग्रजी ए अक्षरासारखा सांगाडा, डिफरन्शियलला बांधण्याचा मोह होईल, कारण त्यात पॅनहार्ड वाचतो. कॉलिन चॅपमनच्या लोटस सेव्हनमध्ये 1960 च्या दुसऱ्या मालिकेपासून तशी ए-फ्रेम डिफरन्शियलच्या खाली होती. गाडी सुरेख वळायची, पण स्टँडर्ड कंपनीच्या छोट्या कारचं ते हौसिंग अशा ओढाताणीसाठी केलेलंच नव्हतं. डिफरन्शियल गळायचं आणि तेलाने तिथला रबरी बुश खराब व्हायचा. फियाटचं हौसिंगही घरच्या गाडीचंच आहे. भार चार ठिकाणी, टोकांकडे वाटून द्या.

स्प्रिंगचं गणित असं. दोन झोक्यांसाठी गाडी 62 मिमी बसायला हवी, म्हणजे चाकाशी एका मिमीला साधारण 1.95 किलो. शॉकअप वीस अंश तिरका बसणार असेल तर स्प्रिंगचा परिणाम सुमारे 0.88 पट होतो, म्हणून स्प्रिंग स्वतः 2.2 किलोची हवी. नऊ मिमीची तार, मधल्या व्यासाने 75 मिमी आणि सात कामाचे वेढे घेतले तर जवळपास तेवढीच येते. दहा मिमीची तार घेऊ नका. ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. त्या एका मिमीने 2.2 ची स्प्रिंग 3.4 ची होते, चाकाशी ती 3.0 भरते, आणि तुम्ही जवळजवळ आजच्या कमानीपाशीच परत येता. मोकळी लांबी 220 मिमीच्या आसपास ठेवा, म्हणजे पूर्ण दबली तरी वेढ्याला वेढा लागणार नाही. तयार झाल्यावर दोन्ही स्प्रिंग प्रेसखाली काट्यावर दाबून मोजून घ्या, आणि जोडीत पाच टक्क्यांहून जास्त फरक असेल तर परत करा.

मोटारसायकलच्या शॉकअपबद्दल: स्प्रिंग बदलता आली तरी आतली तेलाची झडप तुमच्या ॲक्सलसाठी नसते. इथे हलक्या गाडीची मुख्य अडचण येते. भरलेल्या फियाटमध्ये ॲक्सलच्या 80 किलोंवर चारशे-पाचशे किलो बसलेले असायचे, तुमच्यात फक्त 240. ॲक्सल उसळला तर गाडी त्याला दाबून धरू शकत नाही, ते काम शॉकअपलाच करावं लागतं, आणि परत येतानाचा रोध, रिबाउंड, बाहेरून बदलता येईल असाच शॉकअप त्यासाठी हवा. पैसे जपायचे तर बाकी सगळीकडे जपा, इथे खर्च करा. आणि ॲक्सलचे 80 किलो कमी करण्यासाठी जे जे करता येईल, हलकी चाकं, अनावश्यक ब्रॅकेट कापणं, ते कुठल्याही महाग शॉकअपपेक्षा जास्त कामाचं आहे.

वर जाताना रबरी स्टॉपर आणि खाली लोंबताना पट्टा, दोन्ही लावा. शॉकअपच्या टोकावर ॲक्सल लटकू देऊ नका. कोइम्बतूरहून परत आलात की उजव्या वळणात आतलं चाक अजून फिरतं का तेवढं नक्की कळवा.

प्रश्न : माझी पद्मिनी रोजच्या वापरात आहे. मागच्या कमानीला पॉलियुरेथेनचे बुश टाकले तर गाडी रेससारखी धरून चालेल असं दुकानदार सांगतो. टाकू का?
— एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : चारही टाकू नका. गाडी कलते तेव्हा कमानीला थोडं पिळावं लागतं आणि ती मोकळीक रबर देतं. कडक बुश ती देत नाही, मग डोळ्याजवळ पाटा तुटायला लागतो आणि आतून कर्कश आवाज येतो. पुढच्या डोळ्याला एक वेळ पॉलियुरेथेन चालेल, शॅकलला रबरच ठेवा. आणि गाडी चाकांवर उभी असतानाच नट आवळा, जॅकवर उचलून नाही. लोंबत्या अवस्थेत आवळलेला रबरी बुश गाडी खाली येताच पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो.

प्रश्न : ताई, जानेवारीत सकाळी शॉकअप सेट केले तर गाडी छान होती. मे महिन्यात दुपारी तीच गाडी मागून तरंगते. शॉकअप गेले का?
— पॉलिटेक्निकची एक विद्यार्थिनी, सदर

उत्तर : गेले असतीलच असं नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवाच 45 अंशांच्या घरात असते, डांबर त्याहून तापलेलं, आणि शॉकअप स्वतः काम करून आणखी गरम होतो. तेल पातळ होतं, तसा रोध कमी होतो. गाडी दहा मिनिटं चालवून शॉकअपला दुरूनच हात नेऊन बघ, चटका बसेल इतका तापलेला असतो. त्या तापलेल्या अवस्थेत रिबाउंड दोन खटके वाढव आणि वहीत तारीख, वेळ, हवेचं तापमान आणि खटके लिहून ठेव. थंडीत पुन्हा कमी करायचे. रोध वाढवूनही तरंगत असेल, किंवा दांड्यावर ओल दिसत असेल, तर सील गेलं असं समज. आणि तू ही नोंद ठेवलीस तर मला पाठव, पुढच्या उन्हाळ्याच्या अंकात ती वापरायला मला आवडेल.